बाजेच्या उंचीची पेटी

अमळनेर,
२२ नोव्हेंबर १९९१

धनसिंग,

विहिरीतले पाणी तळाला गेले की मोटार आपोआप बंद करणारा खटका. कापसातली ओल तपासायची छोटी भट्टी. दोन जिनिंगवाले ती अजून वापरतात आणि माझे नाव घेत नाहीत. सायकलच्या सुट्या भागांतून केलेले शेंगा फोडायचे यंत्र. तुझ्या बहिणीसाठी पापडाचा साचा, जो तिने एकदा वापरून माळ्यावर टाकला. आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ठेवायची काचेची पेटी: सागाची चौकट, साठच्या दोन दिव्यांची ऊब, तळाला हवा घ्यायला भोके पाडलेला पत्रा, आणि ऊब जास्त झाली की दिव्यांची वीज तोडणारी पाऱ्याची नळी. नळीसुद्धा मीच ओढली, वितळवून, तीन फुटल्यावर चौथी जमली.

हे सगळे मी माझ्या हातांनी केले. तुमच्या मंडळाच्या अर्जात ‘शैक्षणिक पात्रता’ अशी एक ओळ आहे. तिथे मी ‘सातवी पास’ लिहिले आणि वरचा मजकूर वेगळ्या कागदावर जोडला. तो कागद पुढे दिल्लीच्या वाटेत कोणी काढून टाकला तर निदान तुझ्याकडे त्याची नक्कल असावी, म्हणून हे पत्र. एरवी मी तुला लिहिले नसते.

होय, तुमचे मंडळ. अर्जाच्या मागे नावे छापली आहेत, त्यात सचिव म्हणून तू. दिल्ली पैसे देणार, कमी वजनाच्या बाळांसाठी देशातल्या लहान सरकारी दवाखान्यांना काय फुकट पुरवायचे ते ठरवणार, आणि ठरवण्याआधी काही जिल्ह्यांत तपासून बघणार. त्यात आपले धुळे आणि जळगाव. कल्पना वाईट नाही. सरकार आधी विकत घेते आणि मग गोदामात झाकून ठेवते, त्यापेक्षा बरे. पण तपासणारा कोण, हे मी आधी बघतो. मोटार तपासायला आणणारा माणूसच ती जाळून आणतो, असे मी दुकानात पुष्कळ पाहिले आहे.

म्हणून विचारतो. पहिले, मी तुझ्या बहिणीचा नवरा आहे हे तू मंडळाला सांगितले आहेस का? दुसरे, परदेशी पेटीचा एजंट छगनशेठ, त्याची पांढरी गाडी धुळ्याला तुमच्या कचेरीच्या दारात मी स्वतः पाहिली, ती तिथे कशाला? तिसरे सर्वांत महत्त्वाचे. अर्ज पोचल्यावर आलेल्या पत्रकात तपासायच्या तीन गोष्टी छापल्या आहेत. परदेशी पेटी. माझी पेटी. आणि तिसरी म्हणे, बाळ आईच्या उघड्या छातीशी फडक्याने बांधून ठेवणे. ही काय वस्तू झाली? याचा कारखाना कुठे आहे? मी आयुष्याची दहा वर्षे त्या नळीत घातली आणि तुम्ही तिची बरोबरी लुगड्याच्या पदराशी करता? हा मला खाली पाहायला लावायचा डाव असेल तर तो कोणाच्या डोक्यातून निघाला ते मला कळले पाहिजे.

शिरपूरच्या लग्नाचा विषय मी काढणार नाही. चार डॉक्टरांपुढे ‘हे आमचे दाजी, जळालेल्या मोटारी भरतात’ एवढेच म्हणालास, तेही काढणार नाही. मी न जेवता निघालो ते माझे पोट ठीक नव्हते म्हणून.

तुझ्या बहिणीने, कमलबाईने, हे पत्र वाचायला मागितले. वाचून म्हणाली, “तुम्हले बठ्ठा जग चोरच दिसस.” मी म्हटले, दिसतो, कारण मी कुलपेही दुरुस्त करतो.

भाईदास

—

अमळनेर,
८ जानेवारी १९९२

धनसिंग,

तुझे पत्र मिळाले. टाइप केलेले, जावक क्रमांक घातलेले, सुरुवातीला ‘महोदय’. आपल्या दाजीला महोदय म्हणणारा खानदेशात तू पहिलाच. पाकिटाची चिकटलेली बाजू मी उजेडात धरून पाहिली. डिंक दोन वेळा लावलेला आहे. तुझ्या कचेरीत कोणी फोडले, की तूच काही बदलून पुन्हा चिकटवलेस?

तू लिहितोस, नाते पहिल्याच बैठकीत लेखी सांगितले. बाळाची ऊब आणि वजन त्या त्या दवाखान्यातली सिस्टर लिहिते, तुझा हात लागत नाही. कागदांवर फक्त अ, ब, क अशी अक्षरे, आणि हिशेब करणाऱ्यांना कोणते अक्षर कोणाचे हे माहीत नाही. ठीक. पण हिशेब करणारे निवडले कोणी? हे तू लिहिलेले नाहीस. लिहायला विसरलास असे मी तूर्त धरतो.

आता खरी गोष्ट. माझी पेटी बिघडली असा निरोप आला म्हणून मी आणि माझा मिस्त्री लोटन, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या लहान दवाखान्यात जाऊन आलो. नाव लिहीत नाही, पत्रे फुटतात. तुला माहीतच आहे.

पेटी पाठवताना मी प्रत्येक स्क्रूच्या खाचेत लाल नेलपॉलिश भरले होते. कोणी उघडली तर तडा जाणार. (नेलपॉलिश विकत घेताना दुकानदार माझ्याकडे कसा बघत होता ते सोड.) एकाही स्क्रूला तडा नव्हता. म्हणजे उघडली नाही. पण तळाचा पत्रा काळा झालेला, भोकांत काजळी, आणि आत वास. लोटनने नाक घातले आणि म्हणाला, “भाऊ, ओवा शे.”

तिथल्या सिस्टर कुंदाबाई. उंच, तोंडाच्या फटकळ, पण कामाच्या. त्यांना मी विचारले, माझ्या पेटीत ओवा कोणी जाळला?

“जाळला असेल कोणी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी मी एकटी असते. तिकडे एक बाई अडली होती, इकडे हे पोर. येऊन पाहते तर पोर टोमॅटोसारखं लाल, धापा टाकतंय. उचललं, आईचं पोलकं सोडलं, छातीला बांधलं. रात्र तशीच काढली. आता छान आहे.”

“माझे दिवे बंद झाले नव्हते?”

“झाले होते ना. दोन्ही बंद. तरी आत भट्टी.”

ऐकलेस? माझ्या पाऱ्याने त्याचे काम केले. ऊब वाढली, दिवे तोडले. मग ऊब आली कुठून? पेटीखाली कोणी निखारे ठेवल्याशिवाय हे होत नाही, आणि निखारे आपल्या पायांनी चालत येत नाहीत. मी विचारले, परदेशी पेटी कुठे आहे? तर ती भिंतीशी चादर पांघरून उभी. “तिचा फ्यूज उडाला,” कुंदाबाई म्हणाल्या, “तो मुंबईहून यायचाय. यायचाय, यायचाय, अजून यायचाच आहे.”

विचार कर. ज्याची स्वतःची पेटी बंद पडली आहे, त्याला माझी चालू असलेली परवडेल का? छगनशेठचा माणूस त्या आठवड्यात तिथे येऊन गेला, हे कुंदाबाईंनी कबूल केले. फ्यूज बघायला, म्हणे. बाळाची आजी बेबाबाई, पेटीजवळ बसून असायची. गरीब बाई. तिच्या हातावर कोणी नोट ठेवली असेल तर ती काय करणार? मी आरोप करत नाही. मी चौकशीची मागणी करतो, लेखी, आणि एक प्रत दिल्लीला. चौकशी होईपर्यंत त्या दवाखान्याचे आकडे धरू नयेत.

आणि पुढच्या दवाखान्यांत माझ्या पेटीबरोबर आमच्या अमळनेरच्या सुंदरबाई नर्स पाठव. दोन वर्षे त्यांनी माझी पेटी सांभाळली, एक तक्रार नाही. पेटी त्यांच्या हातात बसलेली आहे.

भाईदास

—

अमळनेर,
२० जानेवारी १९९२

धनसिंग,

तुझ्या चौकशीची वाट पाहायला मी रिकामा नाही. शिरपूरची एसटी धरली, पुढे चालत गेलो, आणि बेबाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. हे तुला कळवतो कारण मी आधीच्या पत्रात एक गोष्ट लिहिली आणि ती दुरुस्त करणे माझे काम आहे. मापात चूक निघाली तर मी खोडतो, झाकत नाही.

अंगणात सून बसली होती, पोर अजून छातीलाच बांधलेले, वरून तिच्या नवऱ्याचा जुना स्वेटर. पोर चांगले आहे. मी निघताना माझे बोट धरले.

बेबाबाईला मी आडून विचारले नाही. म्हटले, “अक्का, पेटीखाले निखारा ठेवाना कोनी तुले पैसा दिना का?”

तिने पोराच्या डोक्यावरचा स्वेटर सारखा केला. मग म्हणाली, “काय रे भाऊ, नातू मना शे. मना नातूले धुरी देवाले मी दुसराना पैसा लिसू?”

“पन पेटीखाले का ठेवा?”

“मंग कोठे ठेवू? तुम्हनी ती काचनी बाज. चार पाय, खाले जागा. पोऱ्या वर, शेक खाले. तुनी मायनी तुले काय आभाळमा शेकं का?”

अंगणात चार बायका जमल्या होत्या, त्या हसल्या. एक म्हणाली, हा मुंबईचा दिसतो, याला बाळंतिणीची बाज माहीत नाही. मी अमळनेरचा आहे हे सांगायच्या भरीस पडलो नाही.

परदेशी पेटीखाली का नाही ठेवला, हेही विचारले. तिला म्हणे खाली जागाच नाही, कपाटासारखी बंद आहे, आणि चाके आहेत. चाकाच्या वस्तूवर कोणी बाळंतपण करते का?

तर छगनशेठचा यात हात नाही. या वेळी नाही. पुढच्या वेळचे मी सांगत नाही.

घरी येऊन कमलबाईला सांगितले. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “पाय मनी बाजना मापना करात ना तुम्ही? मी तवच सांगं व्हतं.” तिने तेव्हाच सांगितले होते असे मला आठवत नाही. माप तिच्या बाजेचे घेतले, हे खरे. आपला थोरला झाला तेव्हाची बाज अजून घरात आहे. खाली बसलेल्या बाईचा हात सहज पोचावा, आईला वाकावे लागू नये, म्हणून मी तीच उंची धरली. त्यात चूक काय? बायका इतक्या ओळखीने तिला हात लावतील हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

सुंदरबाईंनाही गाठले. त्या म्हणाल्या, “भाऊ, म्हाताऱ्या निखाऱ्यांचं खापर घेऊन यायच्याच. मी झाडू घेऊन दारातच बसायची. तुम्हाला काय सांगायचं त्यात?” दोन वर्षे ती बाई झाडू घेऊन बसली आणि मी समजत होतो की पेटी चालते आहे.

हे शेवटचे वाक्य तुझ्यापुरते. मंडळाच्या फाइलला लावू नकोस.

भाईदास

—

धुळे, एसटी स्टँड,
१७ मार्च १९९२

धनसिंग,

तू आज बैठकीत जे बोललास ते इथेच बसून लिहून काढतो आणि तुलाच पाठवतो. उद्या इतिवृत्तात दुसरे छापून आले तर दाखवायला.

तू उभा राहिलास, कागदाकडे न बघता बोललास. म्हणालास, लहान दवाखान्यात, जिथे रात्री वीज जाते आणि सिस्टर एकटी असते, तिथे जे बाळ श्वास घेते आणि चोखते, त्याला आईच्या छातीशी बांधले तर ते दोन्ही पेट्यांइतकेच ऊबदार राहते आणि थोडे लवकर वजन धरते. म्हणून दिल्लीने लहान दवाखान्यांना पेट्या देऊ नयेत. तो पैसा रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरवर आणि आयांना शिकवण्यावर घालावा. पेट्या फक्त जिल्ह्याच्या रुग्णालयात, अगदीच नाजूक बाळांसाठी. तिथे परदेशी पेटी चालेल, पण फ्यूज आणि दुरुस्ती जिल्ह्यातच मिळण्याची हमी दिली तरच. माझी पेटी किमतीला पाचव्या हिश्श्यात आहे, ऊब धरायला तिच्याइतकीच आहे, पण तळ बंद करून पुन्हा तपासणीला आणावी.

छगनशेठचा चेहरा मी पाहिला. एवढ्या गोऱ्या माणसाचा रंग इतका उतरतो हे मला ठाऊक नव्हते. तो तुझ्या खिशात नव्हता आणि तू त्याच्या नव्हतास, एवढे मी आज मान्य करतो. कशावरून म्हणशील, तर नुकसान त्याचे माझ्यापेक्षा जास्त झाले.

मग मी उभा राहिलो. म्हटले, अमळनेरला दोन वर्षांत एक बाळ भाजले नाही, ते तुम्ही धरले का?

तू म्हणालास, “धरलं. सुंदरबाई प्रत्येक पेटीबरोबर देणार का, दाजी?”

लोक हसले. माझ्या शेजारचे फैजपूरचे केळीवाले पुढारी तर मांडीवर थाप मारून हसले. ‘दाजी’ म्हणालास, भर सभेत. मुद्दाम म्हणालास की तोंडातून गेले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी म्हटले, “म्हणजे माझी पेटी वाईट?”

“पेटी चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही. सरकारनं एक रुपया काढला, तो कुठं टाकला तर जास्त पोरं घरी जातील, एवढंच विचारायला बसवलंय आम्हाला. आम्ही न बघताच हो म्हटलं असतं, तर हजार दवाखान्यांत बाजेच्या उंचीच्या पेट्या गेल्या असत्या. आणि हजार आज्या आहेत.”

इथे कोणी हसले नाही. मी खाली बसलो. पाय दुखत होते म्हणून बसलो.

बाहेर तू माझ्यासाठी चहा सांगितलास. मी घेतला नाही. त्या टपरीवर कप कोणत्या पाण्यात बुडवतात ते मी पाहिले होते. दुसरे कारण शोधू नकोस.

बस लागली.

भाईदास

—

अमळनेर,
९ एप्रिल १९९२

धनसिंग,

हे पत्र लोटनच्या हाती पाठवतो, टपालावर भरवसा नाही. तो समोर उभा राहील, वाचून झाल्यावर त्याच्यादेखत सही कर म्हणजे मला कळेल.

काल छगनशेठ दुकानात आला. पांढरी गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून चौकात लावून चालत आला. लोटनला सिगारेट आणायला पाठवले. मग माझी पेटी हात फिरवून पाहिली, सागाची तारीफ केली, नळीची तारीफ केली. कोणी नळीची तारीफ करायला लागला की मी त्याच्या खिशाकडे बघतो. खिशात कागद होता.

“भाईदासभाऊ,” तो म्हणाला, “तुमच्यासारख्या कारागिराला स्वतःच्या साल्यानं चार माणसांत हसवलं. मी होतो तिथे. मला वाईट वाटलं.”

मी म्हटले, “तुम्हाला का वाईट वाटावं? तुमचीही नापास झाली.”

“तेच तर. दोघांचंही भलं होईल असं बघू या.”

कागद टाइप केलेला होता, फक्त सहीची जागा रिकामी. त्यात मी दिल्लीला कळवत होतो की मंडळाचे सचिव डॉक्टर धनसिंग यांनी पेटी पास करण्यासाठी माझ्याकडे पंचवीस हजार रुपये मागितले, मी दिले नाहीत, म्हणून माझी पेटी अडवली. सख्ख्या दाजीची सही म्हटल्यावर कोण खोटे म्हणेल? तपासणी रद्द, आकडे रद्द, ते छातीला बांधायचे प्रकरणही रद्द. मग जुन्या पद्धतीने खरेदी: मोठ्या दवाखान्यांना त्याची पेटी, लहानांना माझी. तुझे काय होईल, हे मी विचारले. तो म्हणाला, चौकशी लागेल, निलंबन होईल, वर्ष-दोन वर्षांत सुटतील की.

मी कागद दोनदा वाचला. मजकुरात माझ्या पेटीचे माप चुकलेले होते.

तू माझ्याकडे पैसे मागितले नाहीस. मागितले असतेस तर ही तक्रार मी कधीच टाकली असती, टायपिंगचा खर्चही माझा. तुझ्यावर मी आजही पुरता भरवसा ठेवत नाही. हिशेब करणारे कोणी निवडले हे तू अजून सांगितलेले नाहीस. पण जे झाले नाही ते झाले म्हणून मी सही करत नाही.

त्याला मी एकच विचारले. म्हटले, तळ बंद केलेली नवी पेटी मी काढली आहे, खालून हवा न घेता बाजूच्या जाळीतून घेते, पाय काढून टाकले. ती देऊ का? (हे मी तुझ्या सांगण्यावरून केलेले नाही. मला आधीच सुचत होते.)

तो म्हणाला, “छे छे, बदल नको. बदल केला की पुन्हा तपासणी. आहे तशीच द्या. पाय नंतर बघू.”

आतून कमलबाईने विचारले, शेठसाठी चहा टाकू का? मी म्हटले, नको, ते निघाले आहेत. तिने सगळे ऐकले होते. तो गेल्यावर बाहेर आली, माझ्याकडे बघितले. आज सकाळपासून तुझ्यासाठी लोटनबरोबर काय-काय पाठवायचे ते बांधते आहे. शेव, मेतकूट, आणखी काही. मी लक्ष घातले नाही.

आता सावध राहा. छगनशेठ माझ्या दुकानातून उठला म्हणजे थांबला असे समजू नकोस. दुसरा कोणी सही करणारा तो शोधेल. तुझ्या कचेरीतला पाकिटे फोडणारा कोण ते आधी शोध. आणि कोणी तुला सांगायला आले की दाजीने तुझ्याविरुद्ध कागद दिला, किंवा दाजी किंमत वाढवून मागत होता म्हणून जमले नाही, तर त्यांना मोघम उत्तर देऊ नकोस. आकडे नीट सांग. म्हणून ते इथे पूर्ण लिहितो.

त्याने देऊ केले ते असे. पहिल्या मागणीच्या चारशे पेट्या माझ्या दुकानातून, बाजेच्या उंचीच्या, आहेत तशा. प्रत्येकीवर पितळी पट्टीत माझे नाव. आणि सही केल्या दिवशी रोख. मी नाही म्हटले. रक्कम एक लाख साठ हजार रुपये.